गुरुवारच्या माणसाचे लाल बुश

गाडीच्या बाबतीत मला कुणी अक्कल शिकवू नये! ज्या लोखंडी दरवाजांमागे नान नदीचं पाणी अडून राहतं, ते कालव्याचे दरवाजे मी गेली कित्येक वर्षं उघडतो आणि बंद करतो. पाणी माझं ऐकतं. फिचित जिल्ह्यातली निम्मी भातशेती या मनगटावर उभी आहे. असा माणूस स्वतःच्या गाडीचे चार बुश निवडू शकणार नाही? हसायचं असेल तर हसा, पण आधी सगळं ऐकून घ्या.

आमची गाडी हिरवी, चार दरवाजांची, लग्नाच्या वर्षी घेतलेली. लामियत नवरी होऊन याच गाडीतून घरी आली. मुलगी इस्पितळातून याच गाडीतून आली. आता ती बँकॉकला नोकरी करते आणि फोनवर आमची तब्येत विचारायच्या आधी विचारते, "बाबा, ती अजून आहे?" आहे म्हणजे काय! फक्त अलीकडे खड्डा आला की पुढून 'खडाक' व्हायचं आणि वळण आलं की 'कुर्रर्र'. इंजिन ठणठणीत होतं. दोष होता बुशांचा. चाकांना धरून ठेवणारे जे लोखंडी हात असतात, त्यांच्या सांध्यात रबराच्या जाड गोल गाद्या बसवतात, त्या फाटल्या होत्या. या वयात माणसाचे गुडघे वाजतात, तिथे गाडीचे वाजले तर बिघडलं कुठे?

पण हे माझ्या मेहुण्याला कोण सांगणार! सानितदादा म्हणजे लामियतचे थोरले भाऊ. आमच्या पंचक्रोशीचे मुखिया, नव्या पिकअपचे मालक, आणि माझ्या गाडीचे जन्माचे वैरी. सासूबाईंच्या घरी दरवर्षी नऊ भिक्खूंना जेवण असतं. आठ जण मिळेल त्या वाहनाने येतात, पण विहारातल्या मोठ्या भंतेजींना आणायचा मान माझ्या गाडीचा. यंदा तयारीची बोलणी चालू असताना दादा सगळ्यांसमोर म्हणाले, "जावईबापू, यंदा भंतेजी माझ्या पिकअपमधून येतील."

"का? माझी गाडी मेली का?"

"मागच्या वर्षी उतरल्यावर ते मला विचारत होते, हा खडखडाट गाडीत होता की आपल्या पोटात!"

सगळे हसले. लामियतही हसली! मग पदराआड हसावं तसं हसू आवरून म्हणाली, "अहो, खरंच पुरे झालं आता. दादाच्या ओळखीचा एक भंगारवाला आहे, तो येऊन गाडी घेऊन जाईल म्हणतो."

"ही गाडी भंगारात जाईल ती माझ्या अंगावरून जाईल!"

"अंगावरून जायला एवढा चढ चढेल का ती?" दादा म्हणाले.

मी उठून उभा राहिलो. हातातली आंब्याची फोडसुद्धा खाली ठेवली, यावरून काय ते समजा. शेवटी लामियतनेच निवाडा केला. भंतेजी माझ्या गाडीतून येतील. त्यांनी एका शब्दाने तक्रार केली नाही, तर गाडी राहील. केली, तर जेवणं आटोपल्यावर दादा भंगारवाल्याला फोन करतील.

"कबूल!" मी म्हणालो. दादांनी नुसत्या मिशा कुरवाळल्या.

दुसऱ्याच दिवशी मी बाजारात हुईताईंच्या स्पेअरपार्टच्या दुकानात गेलो. हुईताई पंख्यासमोर बसून भोपळ्याच्या बिया सोलत होत्या.

"ताई, पुढच्या आर्मचे बुश दाखवा."

"जन्मवार कोणता?"

"गुरुवार."

बघा, याला म्हणतात दुकानदार! गाडीचं मॉडेल नंतर, आधी माणूस. आमच्याकडे जन्मवारावरून माणसाचा भाग्याचा रंग आणि घाताचा रंग ठरतो. हुईताईंनी काळ्या रबरी बुशांचा डबा काउंटरवरून उचलला आणि पायाखाली सारला. "काळा तुम्हाला घात."

"अहो, पण मूळचे बुश काळेच होते की."

"म्हणून तर फाटले!"

"इतक्या वर्षांनी?"

"घात हळूहळूच होतो, भाऊ."

मला घाम फुटला. इतकी वर्षं मी बायको-पोरीला घेऊन चार घातांवर बसून हिंडत होतो! हुईताईंनी मग वरच्या फळीवरून रंगीत बुश काढले. हे रबराचे नव्हते, नव्या प्रकारचे होते, नखाने दाबले तर नखच दुखेल असे. पिवळे, निळे आणि लाल. लाल डब्यावरची धूळ त्यांनी इतक्या जोरात फुंकली की बियांची टरफलं उडाली.

"गुरुवारला लाल म्हणजे श्री! भरभराट, मानमरातब, वैऱ्याचं तोंड काळं." मग जरा आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "पिवळ्यापेक्षा थोडे कडक असतात एवढंच. शर्यतीच्या गाड्यांना बसवतात."

डब्यावर शर्यतीच्या गाडीचं चित्रच होतं. मी विचार केला, जे दोनशेच्या वेगाने टिकतात, ते भंतेजींना घेऊन तीसच्या वेगाने टिकणार नाहीत? आणि 'वैऱ्याचं तोंड काळं' हे ऐकल्यावर माझ्या डोळ्यांसमोर दादांच्या मिशा आल्या होत्या.

"बांधा!" मी म्हणालो. त्यांनी आधीच बांधले होते.

तुम्ही म्हणाल, गाडीला कुठे जन्मवार असतो? गाडीला नसेल, मालकाला असतो ना! पण मालकाला बायको असते हे मी विसरलो. घरी येऊन डबा उघडला आणि लामियत किंचाळली.

"लाल? मी सोमवारची! लाल म्हणजे मला घात! सोमवारच्या बाईच्या बुडाखाली तुम्ही लाल घालणार?"

"बुडाखाली नाही गं, चाकापाशी!"

"गाडी माझ्याखाली आणि बुश गाडीखाली. मग कुणाच्या खाली झाले?"

यावरही उपाय होता. आमच्याकडे गाडीचा रंग मालकाच्या वाराला मानवत नसला तर कुणी गाडी रंगवत बसत नाही. मागच्या काचेवर पट्टी लावायची: 'ही गाडी पांढरी आहे.' मग गाडी कोळशासारखी का असेना! दादांच्या चंदेरी पिकअपवरही 'ही गाडी निळी आहे' असं लिहिलंय, आणि त्यांना कुणी हसत नाही. मी पांढऱ्या रंगाचा पेन घेतला आणि चारही बुशांवर लिहिलं: 'हा बुश पिवळा आहे.' पिवळा म्हणजे सोमवारचा हक्काचा रंग. शिवाय मनातल्या मनात ते लालच राहिले, म्हणजे माझी श्रीही शाबूत!

लामियतने चष्मा लावून एकेक तपासला. "शेवटच्यावर अक्षर बारीक काढलंय. हा जरा कमी पिवळा वाटतो." मी तो पुन्हा गिरवला.

बूनसोंग मिस्त्रींनी गॅरेजमध्ये डबा उघडला आणि दोन पावलं मागे सरले. "लाल! मी सोमवारचा आहे, थाविनभाऊ!" त्यांनी आत जाऊन हातमोजे घातले. वर एक फडकं गुंडाळलं. मी शांतपणे एक बुश फिरवून त्यांच्यासमोर धरला. "वाचा."

त्यांनी ओठ हलवत वाचलं. मग हातमोजे काढून ठेवले. "पिवळे आहेत होय! मग आधी सांगायचं ना."

जुने बुश प्रेसने, म्हणजे दाबयंत्राने, बाहेर ढकलताना बोटाने तुटत होते. नवे आत घालताना मात्र प्रेस कण्हायला लागली. मिस्त्री दांड्यावर लोंबकळले, मग मीही लोंबकळलो. "पिवळे असून फारच टणक हो," ते धापा टाकत म्हणाले. डब्यात ग्रीसची एक पुडी होती, बुशांना आतून लावायची. पण ग्रीससुद्धा लाल! आणि ग्रीसवर काही लिहिता येईना. मिस्त्री हात लावेनात, आणि माझा हात प्रेसवर अडकलेला. शेवटी ती पुडी आम्ही तशीच कपाटात टाकून दिली.

गॅरेजपासून घरापर्यंत नवा हमरस्ता आहे, आरशासारखा. काय सांगू तुम्हाला! खडाक नाही, कुर्रर्र नाही. स्टिअरिंगला नुसतं बोट लावलं की गाडी वळत होती. मी भरधाव आलो आणि दारातूनच दादांना फोन लावला. "भंगारवाल्याला सांगा, दुसरं गिऱ्हाईक बघ!"

"जेवणाच्या दिवशी बघू," दादा म्हणाले.

बघायचं तेव्हा बघा! गावातल्या रस्त्यावर गाडी घालून बघायची गरज मला वाटली नाही. गरज कुणाला? ज्याला शंका असते त्याला.

जेवणाच्या दिवशी सकाळी मी विहारात पोचलो. मोठे भंतेजी वयस्कर, भारदस्त, मितभाषी. मी हात जोडून म्हणालो, "भंतेजी, गाडीला नवे सांधे बसवलेत. निघायच्या आधी एकदा आशीर्वाद द्या." भंतेजींनी आनंदाने पांढरा लेप कालवला आणि गाडीच्या छताला आतून, समोरच्या सीटच्या बरोबर वर, नऊ ठसठशीत ठिपके लावले. मग चीवर सावरून पुढे बसले. मांडीवर पितळी वाडगं, त्यात सासूबाईंसाठी खास मंत्रून आणलेलं पाणी. समोरच्या फळीवर पवित्र सुताचा मोठा गुंडा. हे सूत बुद्धमूर्तीला बांधून घराभोवती फिरवतात, सगळे भिक्खू हातात धरतात. ते ओलांडायचं नसतं. त्याला पाय तर चुकूनसुद्धा लागता कामा नये.

विहाराचं फाटक ओलांडलं आणि पहिला गतिरोधक आला. आमच्या रस्त्यावर दर दोन-चार घरांनंतर गतिरोधक आहे. दादांनी निवडणुकीत गतिरोधकांचं आश्वासन दिलं होतं आणि त्यांच्या दुर्दैवी स्वभावाप्रमाणे ते पाळलंही होतं.

मी अगदी हळू, गोगलगाईला लाज वाटेल इतक्या हळू गाडी चढवली. तरी ती चढली नाही, आपटली! पूर्वी धक्का लागला की गाडी कुरकुरायची आणि विसरून जायची. आता रस्त्यावरचा एकेक खडा थेट माझ्या मणक्याशी बोलत होता. त्यात ग्रीसशिवायचे बुश असे केकाटले की दोन्ही बाजूंच्या घरांतली कुत्री बाहेर आली.

"कुठे डुक्कर ओरडतंय का?" भंतेजींनी विचारलं.

"शेजारी पाळतात, भंतेजी," मी म्हणालो.

दुसऱ्या गतिरोधकाला वाडग्यातलं पाणी उसळून माझ्या कानात गेलं. तिसऱ्याला भंतेजी सीटवरून अधांतरी झाले आणि त्यांचं गुळगुळीत डोकं छताला टेकून परत खाली आलं. मी दात आवळून म्हणालो, "पकड कशी घट्ट आहे बघा गाडीची!" भंतेजींनी एका हाताने वाडगं, दुसऱ्या हाताने दरवाजा आणि डोळ्यांनी मला धरून ठेवलं होतं.

मग आला कालव्यावरचा पूल. माझाच कालवा, माझाच पूल! चढताना काही झालं नाही. माथ्यावर मात्र एक सांधा आहे, तिथे गाडीने अशी उडी घेतली की सुताचा गुंडा फळीवरून घरंगळला, माझ्या पायांत पडला आणि उलगडत उलगडत क्लचला, ब्रेकला, माझ्या घोट्यांना वेढे घालून मोकळा झाला. पायाखाली पवित्र सूत! मी दोन्ही पाय झटकन वर उचलले आणि गुडघे स्टिअरिंगला लावले.

गाडी उतारावर होती.

"उपासक, ब्रेक!" भंतेजी म्हणाले.

"ब्रेकवर सूत आहे, भंतेजी!"

"मग?"

"पाय कसा ठेवू? पाप लागेल!"

पुढे दादांचे सलग तीन गतिरोधक होते. पहिला आला. भंतेजी वर गेले. दुसरा आला. भंतेजी खाली येत असतानाच पुन्हा वर गेले. रस्त्यातल्या कोंबड्या, सायकली, भाजीवाली, सगळे कडेला झाले. केकाटणं ऐकून लोकांना वाटलं रुग्णवाहिका आली.

"दाबा, उपासक! सुताची माफी मी मागतो!"

"भंतेजी, माझा पाय होत नाही हो!"

तिसरा गतिरोधक सासूबाईंच्या फाटकासमोरच आहे. तो पार करून आम्ही अंगणात शिरलो तेव्हा भंतेजी चीवर सांभाळून खाली वाकले होते आणि हाताने भराभर सूत गोळा करत होते. "उचललं! दाबा!" मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली! भाताच्या मोठ्या टोपापासून वीतभर अंतरावर. जुन्या बुशांवर नक्की टोपात गेली असती, हे कुणीतरी लक्षात घ्या.

सगळा मांडव आमच्याकडे बघत होता. नऊपैकी आठ भिक्खू आधीच येऊन बसले होते, तेही टक लावून बघत होते. भंतेजी उतरले. मनगटाला सूत गुंडाळलेलं. चीवर ओलं. आणि टकलावर पांढऱ्या लेपाचे ठसठशीत ठिपके, अगदी एका रांगेत!

दादा पुढे झाले. "काय जावईबापू, बुश बसवलेत की जात्याची तळी?"

इथे गप्प बसलो असतो तर माझं नाव थाविन नाही. मी गाडीतून उतरलो, कानातलं पाणी काढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "मला कशाला विचारता? भंतेजींनाच विचारा! भंतेजी, सगळ्यांसमोर सांगा. प्रवासाबद्दल काही तक्रार?"

बोलून गेलो आणि मग आठवलं की भिक्खू खोटं बोलत नाहीत.

लामियतने डोळे मिटून घेतले. दादांनी खिशातून फोन काढला. भंतेजींनी एकदा मान डावीकडे वळवून पाहिली, एकदा उजवीकडे. मग म्हणाले, "शरीराचे बत्तीस भाग असतात, आणि भिक्खूने त्या प्रत्येकाचं ध्यान करायचं असतं. मी आयुष्यभर प्रयत्न करतोय. मला केस, नखं, दात, त्वचा यापुढे कधी नीट जाता आलं नव्हतं. आज बत्तीसही भाग एकेक करून, स्वतंत्रपणे जाणवले."

"साधु! साधु! साधु!" सगळा मांडव हात जोडून म्हणाला. सगळ्यात मोठ्याने मी म्हणालो.

सासूबाईंनी वाडग्यात डोकावून विचारलं, "पाणी एवढंसंच?"

"बाकीचं जावयाच्या अंगावर आहे," भंतेजी म्हणाले.

"असू दे, घरातच राहिलं," सासूबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

जेवणं दुपारच्या आत आटोपली. भिक्खूंना परत सोडायची वेळ आली तेव्हा दादांनी ऐटीत पिकअपचा दरवाजा उघडला. मीही माझा उघडला. भंतेजींनी दोन्हीकडे पाहिलं आणि म्हणाले, "जेवणानंतर चालणं बरं." नऊच्या नऊ भिक्खू रांगेत चालत निघून गेले.

"चला, भंगारवाल्याला बोलावतो," दादा म्हणाले.

"का म्हणून?" लामियत म्हणाली.

मला वाटलं ती माझ्यावर ओरडली. पण तिचं तोंड दादांकडे होतं!

"का म्हणजे? लामियत, त्यांच्या डोक्यावर ठिपके होते!"

"ठिपके म्हणजे तक्रार नव्हे. एका शब्दाने, असं ठरलं होतं. कुठल्या शब्दाने केली? सांग!"

"त्यांना म्हणायचं होतं की..."

"म्हणायचं काय होतं ते तू नको सांगूस. तू काय त्यांचा बत्तिसावा भाग आहेस? सकाळपासून बघतेय, जात्याची तळी काय, भंगार काय! माझ्या नवऱ्याला नावं ठेवायला मी आहे ना जिवंत? तू कशाला?"

"एवढं वाटतं तर बस ना तू त्या गाडीत!"

"बसते!"

खरं सांगतो, मला भरून आलं. लग्नात ती या गाडीत बसली तेव्हाही मला इतकं बरं वाटलं नव्हतं. तिने विहारातून आणलेली रिकामी भांडी गोळा केली, मागच्या सीटवर ठेवली, पुढे येऊन ताठ बसली आणि काच खाली केली. सगळे नातेवाईक फाटकापाशी जमले. दादा पिकअपला टेकून हाताची घडी घालून उभे.

"चला," ती म्हणाली.

पहिला गतिरोधक. मागे भांड्यांनी टाळ वाजवावे तसा आवाज केला. लामियतचे दात एकमेकांवर आपटले.

"हसा," ती दात न उघडता म्हणाली. "दादा बघतोय."

"हसतोय."

"हात हलवा."

मी हात हलवला. दुसऱ्या गतिरोधकाला तो आपोआपच हलला. तिसऱ्याला तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी ती शेजारणीला मान वाकवून नमस्कार करायला विसरली नाही. पूल चढलो, पूल उतरलो, बांबूच्या बनाआड गेलो. मागचं कुणी दिसेनासं झालं.

"थांबवा," ती म्हणाली.

थांबवली. ती उतरली, कंबर धरून जरा वेळ उभी राहिली आणि मागची भांडी काढून घेऊ लागली. "मी चालत येते. तुम्ही व्हा पुढे."

"लामियत, दादांना मी सांगतो, गाडी..."

"गाडी विकायची नाही!" ती गरजली. "त्याच्या नाकावर टिच्चून दारात ठेवायची. रोज धुवायची. पण मी यात पुन्हा बसणार नाही."

"मग बुश बदलून घेऊ का? काळे नको, निदान पिवळे?"

"आणि दादाला कळलं म्हणजे?"

मीही उतरलो, निम्मी भांडी घेतली आणि आम्ही दोघं विहारापर्यंत चालत गेलो.

तर गाडी आहे! दादा ज्या वाटेने रोज जातात, बरोबर त्या वाटेवर तोंड करून उभी आहे. ते येताना दिसले की मी इंजिन सुरू करतो, ते गेले की बंद करतो. बाजारहाट आम्ही सायकलवरून करतो. माघार घेतलेली नाही आणि घेणारही नाही. तुम्ही कधी फिचितला आलात तर मी तुम्हाला स्टेशनवर गाडीने घ्यायला येतो असं म्हणेन, अगदी हाताला धरून आग्रह करीन. माझं ऐकू नका, रिक्षा करा.